५० गाड्या की १०७? बास्किंग रिजच्या मशिदीचे प्रकरण

८ डिसेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या बर्नार्ड्स टाऊनशिपच्या नियोजन मंडळाने एका मशिदीच्या बांधकामाचा अर्ज फेटाळला. साडेतीन वर्षे सुनावण्या चालल्या होत्या, एकूण ३९. त्यांत चर्चा झाली ती पार्किंगची, पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची, शेजारच्या घरांच्या हद्दीलगत ठेवायच्या झाडांच्या पट्टीची आणि अग्निशमन दलाच्या गाडीला आत वळता येईल का याची. टाऊनशिपची भूमिका शेवटपर्यंत एकच राहिली : हा प्रश्न जमिनीच्या वापराचा आहे, धर्माचा त्याच्याशी संबंध नाही.

पुढे दीड वर्षाच्या आत या टाऊनशिपने मशिदीच्या संस्थेशी ३२.५ लाख डॉलरची तडजोड केली. मधल्या काळात काय घडले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. वस्तीतला विरोध परक्याविषयीच्या भीतीशी कुठे जोडला जातो, हे इथे एका आकड्याच्या आधारे दाखवता येते. त्यासाठी कोणाच्या मनात शिरावे लागत नाही.

आधी गाव. बर्नार्ड्स टाऊनशिप सॉमरसेट काउंटीत आहे. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या सत्तावीस हजारांच्या आत. बास्किंग रिज आणि लिबर्टी कॉर्नर या तिच्यातल्या वस्त्या. घरे मोठी, भोवती हिरवळ, शाळा नावाजलेल्या. बास्किंग रिजच्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या आवारात सुमारे सहाशे वर्षांचा एक ओक वृक्ष होता. त्याच्या सावलीत जॉर्ज वॉशिंग्टन बसल्याची आख्यायिका गावात सांगतात. झाड वठल्यावर एप्रिल २०१७ मध्ये ते उतरवले, तेव्हा त्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. गावाला आपल्या जुनेपणाचा अभिमान आहे आणि त्यात गैर काही नाही. जुने जपणारी माणसे मलाही आवडतात.

आता अर्जदार. डॉ. मोहम्मद अली चौधरी हे पाकिस्तानात जन्मलेले अर्थतज्ज्ञ. एटी अँड टी कंपनीत त्यांनी अधिकारी म्हणून काम केले आणि अनेक दशके ते याच गावात राहिले. टाऊनशिप समितीवर ते निवडून आले आणि २००४ मध्ये महापौर झाले. अमेरिकेतल्या एखाद्या गावाचे पाकिस्तानात जन्मलेले ते पहिले महापौर. म्हणजे ज्या कारभाराने पुढे त्यांच्या अर्जाला साडेतीन वर्षे झुलवले, तो त्यांनी स्वतः चालवलेला होता. त्यांनी आणि इतरांनी मिळून ‘इस्लामिक सोसायटी ऑफ बास्किंग रिज’ ही संस्था काढली. शुक्रवारची नमाज टाऊनशिपच्याच सामुदायिक सभागृहात होत असे. भाड्याच्या सभागृहात जमणाऱ्या मंडळींना स्वतःची वास्तू हवीशी वाटावी यात विशेष काही नाही. परदेशात गणपती बसवणाऱ्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळाला ही इच्छा ठाऊक आहे.

संस्थेने २०११ च्या अखेरीस लिबर्टी कॉर्नरमध्ये चर्च स्ट्रीटवर सुमारे चार एकरांचा भूखंड घेतला. भूखंड निवडताना कायदा पाहिला होता. त्या विभागात प्रार्थनास्थळ हा ‘अनुमत वापर’ होता, आणि या दोन शब्दांवर सगळे प्रकरण उभे आहे. अनुमत वापर याचा अर्थ असा, की इथे प्रार्थनास्थळ असावे की नसावे हा प्रश्न गावाने नियम करतानाच सोडवलेला आहे. मंडळासमोर उरतो तो फक्त आराखडा : इमारत हद्दीपासून किती आत, गाड्या कुठे, पाणी कुठे जाणार. नियमात बसत असेल तर परवानगी द्यायची, बसत नसेल तर काय बदलायचे ते सांगायचे. सव्वाचार हजार चौरस फुटांच्या आसपासची ती इमारत, एका वेळी जास्तीत जास्त १५० माणसे. घुमट नव्हता, मिनार धुराड्यांसारखे दिसतील असे काढले होते. इतरांच्या डोळ्यांत खुपू नये म्हणून एखादी वास्तू इतकी आक्रसून घ्यावी लागते, याची मला आरेखनातल्या कोणत्याही त्रुटीपेक्षा जास्त खंत वाटते.

एप्रिल २०१२ मध्ये अर्ज दाखल झाला आणि ऑगस्टमध्ये पहिली सुनावणी झाली.

न्यू जर्सीतली सुनावणी कशी असते ते इथे सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे विकास आराखड्यावर ‘हरकती व सूचना’ मागवतात त्याहून ती बरीच वेगळी आहे. मंडळाचे सदस्य गावातलेच, बहुतेक बिनपगारी. अर्जदार स्वतःच्या खर्चाने अभियंता, वास्तुविशारद, वाहतूक तज्ज्ञ, नियोजनकार यांना साक्षीसाठी आणतो. मंडळाचे स्वतःचे तज्ज्ञ असतात. हरकतदारांना वकील आणता येतो, तो प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी घेतो, मग नागरिक एकेक करून प्रश्न विचारतात. साडेदहा-अकरा वाजले की पुढची तारीख पडते. निर्णयाची मुदत कायद्यात आहे, पण अर्जदाराच्या संमतीने ती वाढवता येते; आणि संमती दिली नाही तर अर्ज तिथेच फेटाळला जाण्याची धास्ती असते. म्हणून तो दर वेळी संमती देतो. प्रत्येक सुनावणीचे वकिलांचे आणि तज्ज्ञांचे बिल त्याच्याच नावावर पडते. नकाराचा एक शब्दही न उच्चारता माणसाला थकवायची सोय या रचनेत आयतीच आहे.

आता तो आकडा. टाऊनशिपच्या नियमात चर्चसाठी पार्किंगचे प्रमाण ठरलेले होते : तीन आसनांमागे एक जागा. १५० माणसे म्हणजे ५० जागा. नियमातल्या ‘चर्च’ या व्याख्येत मशीद आणि सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, यांचाही समावेश होता. संस्थेने आराखड्यात ५० जागा दाखवल्या, आणि सुरुवातीला टाऊनशिपच्या नियोजनकारालाही त्या नियमाप्रमाणेच वाटल्या.

मग हरकत आली, की हे प्रमाण रविवारच्या चर्चला धरून बनवलेले आहे. चर्चला कुटुंब एका गाडीतून येते. मशिदीतली मुख्य नमाज शुक्रवारी दुपारी, कामाच्या दिवशी. माणसे कचेरीतून एकेकटी निघून येतील, प्रत्येकाची गाडी वेगळी. तेव्हा वेगळा हिशेब करा. मंडळाने वेगळा हिशेब केला, वाहतूक अभियंत्यांच्या सर्वेक्षणांतली प्रमाणे काढली आणि १०७ जागा मागितल्या.

हा युक्तिवाद खोटा नाही, हे मला मान्य करावेसे वाटते. शुक्रवारी दुपारी लोक खरोखरच एकेकटे येऊ शकतात. एखाद्या वाहतूक अभियंत्याने कोऱ्या कागदावर हा प्रश्न घेतला असता तर तोही कदाचित ५० वर थांबला नसता. पण कागद कोरा नव्हता. नियम लिहिलेला होता आणि त्याआधी आलेल्या प्रत्येक प्रार्थनास्थळाला तोच लावला होता. सिनेगॉगमध्ये शुक्रवारी संध्याकाळी किती गाड्या येतात हे कोणी मोजले नाही. चर्चमध्ये एकट्याने येणारे म्हातारे, विधवा, विद्यार्थी किती, हेही कोणी विचारले नाही. एकाच अर्जासाठी गावाला नियमापलीकडचे वास्तव मोजावेसे वाटले.

१०७ ची मागणी एकदा पटावर आली की बाकीच्या अडचणी आपोआप जन्माला येतात. चार एकरांत दुपटीहून अधिक गाड्या बसवायच्या तर डांबर वाढते. डांबर वाढले की पाणी मुरत नाही, म्हणजे निचऱ्याचा आराखडा पुन्हा करा. पार्किंग हद्दीकडे सरकते, मग झाडांची पट्टी कमी पडते. गाड्यांच्या रांगा बदलल्या की आगीच्या बंबाचे वळण पुन्हा तपासा. अर्जदार प्रत्येक वेळी नवा नकाशा घेऊन येतो आणि प्रत्येक नव्या नकाशाला नवी हरकत येते. ३९ सुनावण्या अशा झाल्या.

सभागृहाबाहेरची भाषा वेगळी होती. संस्थेने न्यायालयात दिलेल्या तक्रारीत तिची नोंद आहे : इस्लामविरोधी पत्रके, इंटरनेटवरचा मजकूर, भूखंडावरच्या टपालपेटीची नासधूस, आणि पेटीवरच्या ‘आयएसबीआर’ या संस्थेच्या आद्याक्षरांचे कोणीतरी केलेले ‘आयसिस’. विरोधकांचा एक नागरिक गट उभा राहिला होता, त्याच्या नावात ‘जबाबदार विकास’ असे शब्द होते. आणि २०१३ मध्ये, अर्ज चालू असतानाच, टाऊनशिपने नियम बदलला : निवासी भागात प्रार्थनास्थळासाठी किमान सहा एकर जमीन हवी आणि तो वापर यापुढे आपोआप अनुमत नसेल. ज्या दिवशी अर्ज दाखल झाला त्या दिवशीचा नियम लागू, असा राज्याचा कायदा असल्यामुळे या अर्जाला तो बाधला नाही. पण चार एकरवाल्याचा अर्ज समोर असताना सहा एकरांची अट येते, याचा अर्थ गावात कोणालाही समजावून सांगावा लागला नसेल.

मार्च २०१६ मध्ये संस्था फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयात गेली. वकील होते अदील मांगी, त्यांनी फी न घेता हे काम केले. आधार होता २००० सालच्या एका फेडरल कायद्याचा. जमीनवापराचे नियम लावताना एका धर्माच्या संस्थेला दुसऱ्या धर्माच्या संस्थेपेक्षा वाईट वागवता येणार नाही, असे तो सांगतो. हा कायदा करावा लागला, कारण गावोगावी छोट्या आणि नव्या पंथांना झोनिंगच्या, म्हणजे कुठल्या भागात काय बांधता येईल ते ठरवणाऱ्या नियमांच्या, कारणाने अडवले जात होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानेही टाऊनशिपवर स्वतंत्र दावा लावला. त्याच वर्षी या विभागाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात एक आकडा होता : या कायद्याखालच्या जमीनवापराच्या चौकश्यांपैकी २०१० पर्यंत सुमारे १५ टक्के मशिदींच्या किंवा इस्लामी शाळांच्या होत्या, त्यानंतर २०१६ पर्यंत हे प्रमाण ३८ टक्के झाले. अमेरिकेच्या लोकसंख्येत मुसलमान अंदाजे एक टक्का.

३१ डिसेंबर २०१६ रोजी न्यायाधीश मायकेल शिप यांनी पार्किंगच्या मुद्द्यावर निकाल दिला. टपालपेटी कोणी फोडली, कोणाच्या मनात काय होते, यात त्यांना जावेच लागले नाही. ‘चर्च’च्या व्याख्येत मशीद आहे, चर्चला तीनास एक आणि मशिदीला वेगळा हिशेब, म्हणजे धर्मावरून भेद. शिवाय मंडळाला हवे तेव्हा वेगळे प्रमाण ठरवण्याची इतकी मोकळीक देणारा तो नियमच संदिग्ध, म्हणून घटनाबाह्य. पुराव्यांची मोठी सुनावणी न होता, दोन्ही बाजूंच्या लेखी कैफियतींवरच हा मुद्दा निकाली निघाला.

नियमाच्या आडून अडवण्याच्या या पद्धतीची मुळे जुनी आहेत. १८८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने नियम केला, की लाकडी इमारतीत धुलाईचा धंदा करायचा तर शहर मंडळाची परवानगी हवी. कारण आगीचे, आणि लाकडी शहराला आगीची भीती खरीच होती. पण दोनशेच्या आसपास चिनी धोब्यांचे अर्ज नाकारले गेले आणि चिनी नसलेल्या ऐंशीएक जणांना एक अपवाद वगळता परवानगी मिळाली. १८८६ मध्ये ‘यिक वो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कायदा दिसायला निःपक्षपाती असला तरी तो ‘दुष्ट नजरेने आणि असमान हाताने’ राबवला गेला तर ती समानतेची पायमल्लीच आहे. १९१७ मध्ये वंशावरून वस्त्या विभागणारे उघड नियम बाद झाले. त्यानंतर भूखंडाचा किमान आकार, एका भूखंडावर एकच घर, सदनिकांना बंदी, अशा नियमांनी तेच काम बरेच सभ्यपणे होऊ लागले.

बर्नार्ड्स टाऊनशिपला हा इतिहास परका नाही, आणि इथे मला या प्रकरणातला सर्वांत बोलका दुवा दिसतो. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ‘माऊंट लॉरेल’ खटल्यात ठरवले, की प्रत्येक गावाने आपल्या झोनिंगमध्ये कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या घरांनाही वाव दिला पाहिजे. गावांनी दुर्लक्ष केले. १९८३ मध्ये न्यायालयाने बिल्डरांनाच हत्यार दिले : स्वस्त घरांचा वाटा देत असाल आणि गाव अडवत असेल तर दावा लावा. राज्यभर दाव्यांचा पाऊस पडला. १९८५ मध्ये विधिमंडळाने हा विषय न्यायालयांकडून एका परिषदेकडे नेणारा कायदा केला, आणि १९८६ मध्ये त्याच्या वैधतेचा निकाल ज्या खटल्यात लागला त्याचे नाव ‘हिल्स डेव्हलपमेंट कंपनी विरुद्ध बर्नार्ड्स टाऊनशिप’. मशिदीच्या तीस वर्षे आधी याच गावाच्या वेशीवर स्वस्त घरांचा प्रश्न येऊन थांबला होता. तेव्हाच्या आणि आताच्या विरोधकांना मी एका माळेत ओवत नाही. माणसे वेगळी होती, कारणेही वेगळी. पण कोणी आत यायचे हे भूखंडाच्या मापावरून ठरवण्याची सवय गावाच्या कारभारात आधीपासून मुरलेली होती. नव्या भीतीला नवी हत्यारे घडवावी लागली नाहीत.

मग ३९ सुनावण्यांना येणारे सगळे शेजारी द्वेषी होते का? मला तसे वाटत नाही. निवांत रस्त्यावर शुक्रवारी दुपारी दीडशे माणसांची येजा सुरू होणार असेल तर तिथल्या माणसाने विचारावे, गाड्या कुठे लागतील, माझ्या तळघरात पाणी येईल का. हे विचारण्याचा त्याला हक्क आहे. न्यू जर्सीत अतिवृष्टीने तळघरे भरतात, हे काल्पनिक नाही. प्रश्न विचारणाऱ्याने पुढे काय मागितले ते महत्त्वाचे. पाणी अडवायला तळे मोठे करा असे सांगितले आणि तळे मोठे झाल्यावर तो समाधानाने घरी गेला, तर त्याला पाण्याचीच काळजी होती. तळे मोठे केल्यावर त्याला तळ्यात मुले बुडतील अशी भीती वाटू लागली, कुंपण घातल्यावर कुंपण विद्रूप दिसू लागले, तर त्याची हरकत पाण्याला नव्हती. प्रामाणिक शेजाऱ्याचे सगळ्यात मोठे नुकसान यात होते. त्याचा खरा प्रश्न दुसऱ्याच्या भीतीला पांघरूण म्हणून वापरला जातो आणि शेवटी न्यायालयात दोघे एकाच बाकावर बसलेले दिसतात.

आपली माणसे या कथेत दूरची नाहीत. बर्नार्ड्सला लागूनच ब्रिजवॉटर आहे. तिथल्या श्री वेंकटेश्वर मंदिरात मध्य न्यू जर्सीतली मराठी कुटुंबे वर्षानुवर्षे जातात. त्याच ब्रिजवॉटरमध्ये ‘अल फलाह सेंटर’ने एका जुन्या हॉटेलच्या जागी मशिदीचा अर्ज केला, तेव्हा २०११ मध्ये अर्ज चालू असताना टाऊनशिपने नियम बदलला : प्रार्थनास्थळ फक्त मोठ्या रस्त्यांलगतच हवे. २०१३ मध्ये न्यायाधीश शिप यांनीच तो रोखला आणि २०१४ च्या अखेरीस पर्यायी जमिनीसह एकूण ७७.५ लाख डॉलरची तडजोड झाली. शेजारच्या गावाचा हा धडा बर्नार्ड्सच्या मंडळाला सुनावण्यांच्या मधोमध, ताजा ताजा उपलब्ध होता. तरी पुढच्याच वर्षी त्यांनी नकार दिला.

या वादात मुसलमानांच्या अर्जाला विरोध करणाऱ्यांच्या बाजूने हिंदू भारतीयांनी उभे राहावे, असे मला कुठेही वाटत नाही. तत्त्व म्हणून नाहीच, आणि हिशेब म्हणूनही नाही. ज्या कायद्याने मशिदीचे पार्किंग ५० वर आणले त्याच कायद्याच्या छायेत अमेरिकेतली मंदिरे आणि गुरुद्वारे उभी राहतात. आणि नाकारले जाणे म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. २०२३ मध्ये मुंबईत, मुलुंडमध्ये, एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेली तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटून उठला होता, आणि योग्यच होते. पण आपल्याच सोसायट्यांच्या सभांत मुसलमान भाडेकरूसाठी, ईशान्येकडच्या मुलामुलींसाठी, मांसाहारी कुटुंबासाठी लिफ्टवरचा ताण, पाण्याचा टँकर आणि पार्किंग अचानक आठवतात, तेव्हा तोच आवाज कोणी काढत नाही. तिथे शिप यांची पद्धत जशीच्या तशी वापरता येते. सेक्रेटरींकडे आधीच्या भाडेकरूंच्या नोंदी मागाव्यात आणि हीच अट त्यांना लावली होती का, ते पाहावे.

मे २०१७ मध्ये बर्नार्ड्सची तडजोड जाहीर झाली : १५ लाख डॉलर भरपाई, १७.५ लाख वकिली खर्च, मशिदीला परवानगीचा मार्ग मोकळा. न्याय विभागाबरोबरच्या करारात अधिकाऱ्यांना या कायद्याचे प्रशिक्षण द्यायचे होते. शेजारच्या शहरांतून धडा अजून सर्वांनी घेतला नव्हता. बेयोन शहराने त्याच वर्षी एका मशिदीचा अर्ज नाकारला होता आणि २०१८ च्या सुरुवातीला तिथेही तडजोड करावी लागली. तिथेही वकील मांगीच होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी त्यांचे नाव फेडरल अपील न्यायालयासाठी सुचवले. मंजुरी मिळाली असती तर त्या पातळीवरचे ते पहिले मुसलमान न्यायाधीश ठरले असते. सिनेटच्या सुनावणीत त्यांना ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांबद्दल आणि हमासबद्दल प्रश्न विचारले गेले. मंजुरी मिळाली नाही.

तडजोडीतल्या एका कलमाबद्दल मात्र माझे मत संस्थेच्या बाजूने नाही. तडजोडीनंतर नव्या आराखड्यावर पुन्हा सुनावणी व्हायची होती, आणि त्या सुनावणीत इस्लाम किंवा मुसलमान यांच्याविषयी कोणतेही भाष्य करता येणार नाही, असे त्यात लिहिले होते. गावातल्या एका दांपत्याने अभिव्यक्तीच्या हक्कावर गदा म्हणून न्यायालयात धाव घेतली. कलम का घातले ते समजते. साडेतीन वर्षे जे ऐकले ते पुन्हा ऐकायची ताकद कोणात उरली असेल? तरीही मंडळाच्या अध्यक्षांनी एवढेच सांगणे पुरेसे होते, की बोलणारा जमिनीच्या वापराबद्दल बोलत नसेल तर ते निर्णयात मोजले जाणार नाही आणि प्रत्येकाला वेळ ठरावीक मिळेल. कोणी काही वाईट बोलले असते तर ते नोंदीत राहिले असते, त्याच्या नावासकट. पार्किंगच्या आडून बोलले जाण्यापेक्षा ते बरे.